मागचा ब्लर चांगला आहे की वाईट, हे लेन्समध्ये नक्की कुठे पाहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोर्ट्रेट आणि लग्नाच्या कामासाठी ८५ मिमीची लेन्स घ्यायची आहे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या एफ/१.८ लेन्सेस डोळ्यासमोर आहेत, आणि तिसरी एफ/१.४ आहे, बरीच महाग. तिन्हींच्या नमुना फोटोंत मागे दिव्यांचे मोठे गोल दिसतात आणि तिन्हींचा बोके (फोकसबाहेरच्या ब्लरचं रूप) 'क्रीमी' आहे असं लिहिलेलं आहे. मग फरक ओळखायचा कशावरून? आणि एफ/१.४ साठी जास्तीचे पैसे घालावेत का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करतो, कारण जवळपास सगळा गोंधळ तिथेच होतो. ब्लर किती आहे हा एक प्रश्न आणि ब्लर कसा आहे हा दुसरा. पहिल्याचं उत्तर साध्या भागाकारात मिळतं, त्यात कुठल्या कंपनीची जादू नसते. दुसऱ्याचं उत्तर लेन्सच्या रचनेत असतं आणि ते नमुना फोटोंतल्या दूरच्या दिव्यांमध्ये सहसा सापडत नाही.

भागाकार आधी उरकू. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की लेन्सच्या भोकाचा, म्हणजे अ‍ॅपर्चरचा, व्यास मिळतो. ८५ मिमी एफ/१.८ चा ४७ मिमी, ५० मिमी एफ/१.८ चा २८ मिमी, नेहमीच्या १८-५५ किट लेन्सचा ५५ वर एफ/५.६ ला जेमतेम १० मिमी, आणि ७०-२०० एफ/२.८ चा २०० वर ७१ मिमी. या आकड्याचा फार सुंदर उपयोग होतो. खूप दूरचा दिवा फोटोत जी चकती उमटवतो, ती फोकसमधल्या माणसाच्या मापाने मोजली तर बरोबर या भोकाएवढी भरते. चेहऱ्याची रुंदी १५ सेमी धरली, तर ८५ एफ/१.८ ने उघड्या अ‍ॅपर्चरला काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये दूरच्या दिव्याची चकती चेहऱ्याच्या साधारण एक तृतीयांश असणार. कॅमेरा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) असो की क्रॉप (लहान सेन्सरचा), हे प्रमाण बदलत नाही.

मागची वस्तू इतकी दूर नसेल तर भोकाच्या व्यासाला माणूस ते मागची वस्तू या अंतराने गुणायचं आणि कॅमेरा ते मागची वस्तू या अंतराने भागायचं. नवरी तुमच्यापासून २ मीटरवर आहे आणि तिच्यामागे १ मीटरवर फुलांची सजावट आहे. ८५ एफ/१.८ ला ब्लरची चकती येते ४७ चा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १६ मिमी. एफ/१.४ घेतली तर भोक ६१ मिमी, चकती २० मिमी. आता लेन्स तीच एफ/१.८ ठेवा आणि नवरीला सजावटीपासून ४ मीटर पुढे आणा. चकती ३१ मिमी झाली. जास्तीच्या पैशांनी १६ चे २० झाले आणि "ताई, थोडं पुढे या" म्हटल्याने १६ चे ३१. ब्लरचं प्रमाण वाढवायला एफ/१.४ घेऊ नका. अंधाऱ्या हॉलमध्ये प्रकाश कमी पडतो म्हणून घेत असाल तर ते कारण पटण्यासारखं आहे.

आता ब्लर कसा आहे, याकडे वळू. फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू फोटोत एक चकती होतो, आणि मागचं सगळं दृश्य म्हणजे एकमेकांवर चढलेल्या अशा असंख्य चकत्या. म्हणून एका चकतीत प्रकाश कसा पसरलाय यावर सगळ्या पार्श्वभूमीचा पोत ठरतो. तीन शक्यता असतात. प्रकाश मध्यावर जास्त आणि कडेकडे विरत गेलेला असेल तर चकत्या एकमेकींत मिसळतात आणि मागचं दृश्य मऊ होतं. चकती सगळीकडे सारखीच उजळ असेल तर ब्लर तटस्थ येतो, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण चकतीच्या कडेला उजळ कडं असेल तर मात्र पंचाईत होते. गवताची काडी, विजेची तार, मांडवाचा बांबू अशी कुठलीही रेघ म्हणजे ओळीने लागलेले बिंदू. प्रत्येकाची चकती कडेला उजळ असली की एका रेघेच्या दोन रेघा होतात. मागची झाडी कुरतडल्यासारखी दिसते आणि नजर चेहऱ्यावर टिकत नाही. ब्लर भरपूर असूनही फोटो अस्वस्थ वाटतो तो यामुळे.

हे कडं येतं कुठून? स्फेरिकल अ‍ॅबरेशनमधून. लेन्सच्या मध्यातून आलेले किरण आणि कडेतून आलेले किरण अगदी एकाच ठिकाणी जुळत नाहीत. रचनाकार ते जुळवण्यासाठी दुरुस्ती करतो. दुरुस्ती थोडी कमी ठेवली तर मागच्या चकत्यांची कडा विरते, गरजेपेक्षा जास्त झाली तर कडेला प्रकाश साचतो. जुन्या काळच्या अनेक वेगवान (मोठ्या भोकाच्या) ५० मिमी लेन्सेसमध्ये दुरुस्ती जास्तीकडे झुकलेली सापडते. त्यांनी उघड्या अ‍ॅपर्चरला तीक्ष्णपणा कमावला आणि मागच्या झाडीत तो गमावला.

याचा एक परिणाम नीट लक्षात ठेवा. फोकसच्या मागे जे होतं, त्याच्या उलट फोकसच्या पुढे होतं. मागचा ब्लर लोण्यासारखा असलेली लेन्स पुढच्या ब्लरला कडक कडा देते. निकॉनने १९९० साली १३५ मिमी एफ/२ आणि १९९३ मध्ये १०५ मिमी एफ/२ अशा दोन डीसी (डीफोकस कंट्रोल) लेन्सेस काढल्या, त्यांत हे अ‍ॅबरेशन हाताने फिरवायची वेगळी रिंगच होती. रिंग एका बाजूला वळवली की मागचा ब्लर मऊ, दुसऱ्या बाजूला वळवली की पुढचा मऊ. दोन्ही एकाच वेळी मऊ होतील अशी जागा त्या रिंगवर नव्हती. म्हणून तुमचं काम काय आहे ते आधी ठरवा. फुलांच्या माळांच्या फटीतून जोडप्याचे फोटो काढायची सवय असेल, तर तुम्हाला पुढचा ब्लरही तितकाच तपासावा लागेल, आणि तो नमुना फोटोंत जवळपास कधीच दिसत नाही.

मऊ ब्लरची किंमतही मोजावी लागते. दुरुस्ती कमी ठेवलेल्या लेन्सेस उघड्या अ‍ॅपर्चरला किंचित धूसर असतात. शिवाय अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की त्यांचा फोकस थोडा मागे सरकतो. पोर्ट्रेटला मला ती धूसरता चालते, उलट त्वचेवर आवडते. दागिन्यांचे क्लोजअप घेणाऱ्याला नाही चालणार.

आता मुख्य मुद्दा. दूरचे दिवे ही ब्लरची सर्वांत सोपी परीक्षा आहे. चकत्या एवढ्या मोठ्या होतात की साधी लेन्सही छान दिसते. लेन्सचा खरा स्वभाव कळतो तो फोकसच्या लगेच मागच्या पट्ट्यात, जिथे वस्तू अर्धवट विरलेल्या असतात. आणि आपल्या फोटोंतल्या महत्त्वाच्या गोष्टी तिथेच असतात.

मुंडावळ्यांचं उदाहरण घ्या. दीड मीटरवरून नवरीच्या जवळच्या डोळ्यावर फोकस केलाय. गालाशेजारी लोंबणारे मोती डोळ्याच्या साधारण ५-६ सेमी मागे आहेत. ८५ एफ/१.८ ला तिथली चकती येते जेमतेम पावणेदोन मिमी. प्रत्येक मोत्यावर दिव्याचा एक चमकता ठिपका आहे. लेन्स चांगली असेल तर तो ठिपका फुलतो आणि मोती मोतीच राहतो. कडं उमटवणारी लेन्स असेल तर प्रत्येक मोत्यावर बारीक वेटोळं दिसतं, सराचा दोरा दुहेरी होतो, कानामागच्या केसांच्या बटा तारेसारख्या होतात. मागे दिव्यांचे गोल कितीही देखणे असले तरी तो फोटो मोठ्या आकारात छापला की चेहऱ्याभोवती किरकिर जाणवते.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना हे जास्त चांगलं ठाऊक असतं. सासवडजवळच्या माळरानावर धाविक टिपायला १५०-६०० घेऊन गेलात, तर ६०० मिमी एफ/६.३ चं भोक ९५ मिमीचं आहे, म्हणजे ब्लरची ताकद प्रचंड. पण पक्षी १५ मीटरवर आणि वाळलेलं गवत त्याच्या ३० सेमी मागे असेल, तर तिथली चकती २ मिमीच्या आतच राहते. गवताची काडीही तेवढीच जाड. प्रत्येक काडीच्या दोन काड्या दिसायला याहून अनुकूल परिस्थिती नाही. तिथे लेन्स बदलण्याआधी पोटावर झोपा. कॅमेरा जमिनीलगत आला की पक्ष्याच्या मागे जवळचं गवत न येता शंभर मीटरवरचा माळ येतो. दुपारी मात्र काही उपाय चालत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते आणि तीही ब्लरला खरखरीत करते, त्याचा दोष लेन्सला देऊ नका. टेलिलेन्सवर लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टरही असाच ब्लर बिघडवतो. दुहेरी रेघा दिसल्या की पहिल्यांदा तो काढून पाहा.

तपासायची पद्धत सांगतो, घरी अर्ध्या तासात होते. खोलीत अंधार करा. मोबाइलच्या टॉर्चवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून टाचणीने एक भोक पाडा आणि तो दिवा तीन मीटरवर ठेवा. कॅमेरा स्टँडवर, फोकस मॅन्युअल, साधारण एक मीटरवर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. दिवा चौकटीच्या मध्यावर ठेवून एक फोटो, कोपऱ्यात ठेवून एक. मग फोकस दिव्याच्या बराच पलीकडे नेऊन तेच दोन फोटो, म्हणजे पुढचा ब्लरही कळेल. एक काळजी घ्या, ती बहुतेक जण घेत नाहीत: एक्स्पोजर कमी ठेवा. चकती पांढरी फटक पडली की आतला सगळा फरक पुसला जातो, कडं असलेली आणि नसलेली चकती सारखीच दिसते. जाहिरातीतल्या रात्रीच्या फोटोंतले दिवे बहुतेक असेच जळलेले असतात. चकती करडी दिसेल इतकं एक्स्पोजर उतरवा, मग ती बोलायला लागते.

मध्यावरच्या चकतीत कडं आहे का ते पाहा. आत कांद्याच्या कापासारखी वर्तुळं आहेत का पाहा. ही साच्यात दाबून बनवलेल्या अ‍ॅस्फेरिकल (पूर्ण गोलाकार वक्रता नसलेल्या) काचेची खूण आहे. साच्यावर राहिलेल्या अतिसूक्ष्म रेषा काचेवर उतरतात. सोनीने त्यांच्या एक्सए या अ‍ॅस्फेरिकल काचांचा पृष्ठभाग ०.०१ मायक्रॉनपर्यंत नेला तो यासाठीच. लग्नात मागे एलईडीच्या माळा असतातच, आणि एकदा ही वर्तुळं दिसायला लागली की मग नजर तिथेच जाते. माझ्या मते तरी हा दोष कड्यापेक्षा सौम्य आहे, कारण तो फक्त दिव्यांत दिसतो, झाडीत नाही.

कोपऱ्यातली चकती गोल न राहता लिंबाच्या आकाराची होईल. लेन्सच्या नळीची कड तिरप्या किरणांना अडवते म्हणून असं होतं. थोडं सगळ्याच वेगवान लेन्सेसमध्ये असतं. जास्त असलं की मागची झाडी मध्याभोवती गरगरल्यासारखी दिसते. अ‍ॅपर्चर एखाद-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद केलं की आकार सुधारतो, पण मग भोक लहान करणाऱ्या पाकळ्यांची पाळी येते. कॅननच्या जुन्या ५० मिमी एफ/१.८ मार्क २ मध्ये पाच पाकळ्या होत्या, एफ/२.८ ला दिव्यांचे स्वच्छ पंचकोन व्हायचे. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत सात गोलाकार पाकळ्या आल्या. पाकळ्यांच्या संख्येवर मी फार अडून बसत नाही. एफ/२.८ चा एक फोटो काढून पाहिला की पुरे.

रंगही बघा. मागच्या पांढऱ्या गोष्टींच्या कडेला हिरवट आणि पुढच्यांना जांभळट झाक येत असेल तर वेगवेगळे रंग वेगवेगळ्या अंतरावर फोकस होताहेत, ते लांबीच्या दिशेचं क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन. चांदीचे दागिने, पांढरे सदरे, जरीचे काठ यांवर ते लगेच उठून दिसतं आणि एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही. लग्नाच्या कामात मी याला चकतीच्या आकारापेक्षा वरचं स्थान देतो.

अंधाऱ्या खोलीची परीक्षा झाली की दिवसा बाहेर या. माणूस दीड-दोन मीटरवर, त्याच्या मागे एक मीटरवर मेंदीचं कुंपण किंवा बांबूचं बेट, पानांतून आकाशाचे तुकडे चमकताहेत. याहून कठीण परीक्षा नाही. तिन्ही लेन्सेसचे फोटो एकाच जागेवरून, एकाच अ‍ॅपर्चरला काढा. एफ/१.४ चीही तुलना एफ/१.८ ला करा, नाहीतर तुम्ही पुन्हा प्रमाणच मोजत बसाल.

काही लेन्सेस मुद्दाम मऊ ब्लरसाठी घडवलेल्या असतात. मिनोल्टाने १९९९ मध्ये १३५ मिमीची एसटीएफ काढली. तिच्यात कडेकडे गडद होत जाणारी एक काच आहे, त्यामुळे चकतीची कडा अक्षरशः विरघळते. सोनीची १०० मिमी एसटीएफ, फुजीची ५६ मिमी एपीडी आणि कॅननची ८५ मिमी एफ/१.२ डीएस याच मार्गावरच्या. मोल प्रकाशात द्यावं लागतं. सोनीची १०० मिमी म्हणायला एफ/२.८, पण आत येणारा प्रकाश टी ५.६ चा (एफ/५.६ एवढाच), म्हणजे दोन स्टॉप गेले. स्टुडिओत किंवा उघड्यावर अप्रतिम, रात्रीच्या रिसेप्शनला अवघड.

याच्या उलट टोकाला हेलिओस ४४. झाइसच्या ५८ मिमी एफ/२ बायोटारवर बेतलेली ही सोव्हिएत लेन्स तिच्या गरगरणाऱ्या पार्श्वभूमीसाठी आजही शोधून घेतली जाते. मायर ट्रायोप्लान १०० मिमीच्या चकत्यांना इतकं ठळक कडं असतं की दवबिंदू साबणाच्या फुग्यांसारखे दिसतात. मापदंड लावले तर दोन्ही नापास. तरी फुलावरच्या दवाचा ट्रायोप्लानने काढलेला फोटो मला पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो. मागची गोष्टच फोटोचा विषय असेल तर कडं हवंच. चेहरा विषय असेल तर नको. मी चांगला-वाईट म्हणतोय ते चेहऱ्यासाठी, हे ध्यानात ठेवून वाचा.

मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडशी तुलना करू नका. मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ ६-७ मिमी असते, एफ/१.८ धरलं तरी भोक ४ मिमीच्या आसपास. बाकीचा ब्लर अंतराचा अंदाज बांधून सॉफ्टवेअरने रंगवलेला असतो. तो कुठे उघडा पडतो? पुन्हा त्याच पट्ट्यात: सुटे केस, चष्म्याची काच, मुंडावळ्यांचे सर. दूरची पार्श्वभूमी त्याला छान जमते.

कॅमेऱ्याची एक सेटिंग ब्लर बिघडवते आणि दोष लेन्सवर येतो. मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटर (सुरुवात इलेक्ट्रॉनिक आणि शेवट यांत्रिक पडद्याने करणारं) चालू असेल आणि उन्हात उघड्या अ‍ॅपर्चरला १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर वापरलं, तर चकत्यांची एक बाजू छाटल्यासारखी दिसते आणि ब्लर कडक होतो. अशा वेळी पूर्ण मेकॅनिकल शटर लावा. परीक्षा घेतानाही हे तपासून घ्या.

तुम्ही एफ/१.८ सेकंडहँड बघत असाल तर टाचणीच्या भोकाची हीच परीक्षा दुकानातही करा, कारण चकतीत लेन्सच्या पोटातलं सगळं दिसतं. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यानंतर काचेवर बुरशी धरते. टॉर्च मारूनही नजरेतून सुटलेली बुरशी चकतीत कोळ्याच्या जाळ्यासारखी उमटते. धुळीचे एक-दोन ठिपके चालतील, फोटोत त्यांनी काही होत नाही. मध्यावरची चकती मात्र एका बाजूला जास्त उजळ असेल तर आतली काच सरकलेली आहे. तशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी परत करा.

तुमच्या जागी मी असतो तर दोन एफ/१.८ पैकी जिच्यात कुंपणाची पानं शांत राहतात आणि चांदीवर हिरवी झाक येत नाही ती घेतली असती, दिव्यांचे गोल तिचे किंचित कमी देखणे असले तरी. उरलेल्या पैशांत एक दिवा आणि स्टँड येईल. हॉलमध्ये नवरीला सजावटीपासून चार मीटर पुढे आणलंत की तिथल्या फोकसलाइटचा उजेड तिच्यावरून निघून जातो, आणि त्या जागी तुम्हाला स्वतःचा दिवा लागतोच.